घराखालून

जुलै महिना, इन्व्हरकार्गिल.
एल्स्पेथ मॅकइल्रॉयबाईंच्या घराखाली
मी पाठीवर पडलोय
आणि नाकापासून वीतभर वर त्यांची जमीन.

डोक्यावरच्या दिव्यात दिसतात
रिमू लाकडाच्या जुन्या फळ्या,
आणि फळ्यांमधल्या फटी, ज्यांतून
स्वयंपाकघराचा उजेड
सुरीच्या पात्यासारखा खाली उतरतो.
उजेड उतरतो तिथून वारा चढतो.
हे मला कुणी शिकवलं नाही.
चौदा वर्षं घरांची पोटं खालून बघतोय.

आत्तापर्यंत सापडलं ते असं:
निळी गोटी. दांडा वाकलेला चमचा.
मांजराची कवटी, जी मी मातीत ढकलली
आणि बाईंना सांगितली नाही.

दोन तुळयांमध्ये लोकरीचा पट्टा बसवायचा,
ताणायचा नाही, दाबायचा तर मुळीच नाही.
दाबला की संपला.
ऊब लोकरीत नसतेच मुळी,
लोकरीत अडकून पडलेल्या हवेत असते.
नव्या पोरांना हे पटत नाही,
ती कोंबत सुटतात.

वर बाई चालतात.
पावलांवरून कळतं मला:
किटली, टेबल, किटली, खिडकी.
मागच्या खोलीत पाऊल पडत नाही.

ती खोली सकाळी दाखवली त्यांनी.
आम्ही दोघांनी मिळून कपाट सरकवलं
आणि मागची भिंत छातीइतक्या उंचीपर्यंत काळी.
बोट लावलं तर काजळासारखी बुरशी.
"इथे ड्यूगल्ड झोपायचा. आता पर्थला असतो."
गालिच्यात पलंगाच्या पायांचे चार खळगे,
भिंतीला अगदी खेटून.
"सात हिवाळे खोकला तो.
मी म्हणायचे, पुरे आता, नाटकं करू नकोस.
बापासारखाच छातीचा कच्चा, असं धरून चालले होते."

मी कपाटाला हात लावून उभा.
काय बोलणार, मी भिंतींचा माणूस.
म्हटलं, ही दक्षिणेची बाजू,
वारा थेट बर्फावरून येतो, मधे झाडसुद्धा नाही.
आपल्याकडे सूर्य उत्तरेनं जातो, बाई.
ज्यानं घर बांधलं त्यानं नकाशा स्कॉटलंडहून आणला असेल
आणि उलटा करायला विसरला असेल.

त्या हसल्या नाहीत. मग थोड्या हसल्या.
"म्हणजे घरच पाठमोरं बसलंय," म्हणाल्या,
"इतकी वर्षं, रुसल्यासारखं."

आता ओल्या मातीवर प्लॅस्टिक अंथरून झालंय,
कडा दगडांनी दाबल्यात.
न्हाणीघरात पंखा उद्या बसेल,
खिडक्यांना दुहेरी काच पुढच्या वर्षी,
पेन्शनमधून जमेल तशी.
एकच पट्टा राहिलाय, टेबलाखालचा,
आणि वर बाई फोनवर बोलतायत.

शब्द नीट कळत नाहीत.
खुर्ची सरकते. बराच वेळ काहीच नाही.
मग एक शब्द फटीतून स्वच्छ खाली येतो:
"भिंत."
आणि पुन्हा: "नाही रे, तू नाही. भिंत."

माझ्या हातात पट्टा, दुसऱ्या हातात स्टेपलर.
पाठीखालचं प्लॅस्टिक गार.
ऐकू नये, हे कळतं मला.
पट्टा बसवला.
उजेडाचं पातं गेलं, वारा गेला,
त्यांचा आवाजही गेला.

निघताना त्यांनी चहा दिला, डोळे लाल होते,
आणि माझं नाव पुन्हा चुकीचं घेतलं,
टेवीटा ऐवजी डेव्हिड.
मी दुरुस्त केलं नाही.

घरी पोचलो तेव्हा सालोतेनं हीटर
एकाच खोलीत लावला होता, चौघं तिथेच.
घरमालक "बघतो" म्हणालाय,
ईस्टरपासून बघतोय.

रात्री दीडला लुपे खोकते.
कोरडा खोकला, दोनदा, मग एकदा.
"बापावर गेलीय," सालोते झोपेत म्हणते.

मी उठतो.
अंधारातच, आवाज न करता,
कपाट सरकवायला लागतो.